खळ घातलेले बारा तुकडे

आमच्याकडे सार्जंट दिवसातून सहा वेळा भाजायचा आणि सातव्यांदा भाजायला तयार असायचा. सार्जंट म्हणजे साबणाच्या वडीएवढा एक करडा ठोकळा. माणसाच्या कातडीला जेवढी धग लागते तेवढीच त्याला लागावी अशा बेतानं तो बनवलेला होता, आणि त्याच्या पोटात तापमान मोजणारी तार होती. त्याच्यावर कापडाचा तुकडा ताणून बसवायचा, कापडावर उन्हाचा झोत सोडायचा आणि आत सार्जंटचं काय झालं ते नोंदवहीत लिहायचं. लालसर, फोड, किंवा गेला.

साल एकोणीसशे एकोणसाठ. अणुबॉम्ब पडलाच तर त्याच्या उजेडाच्या धगीत शिपायाच्या अंगावरचा सुती गणवेश किती टिकेल, हे शोधायला सैन्यानं मॅसॅच्युसेट्समध्ये एका टेकडीवर ही प्रयोगशाळा काढली होती. खरा बॉम्ब रोजच्या रोज मिळत नाही, म्हणून आम्ही सूर्य वापरायचो. अंगणात सपाट आरशांची एक भिंत होती, ती सूर्याकडे तोंड करून हळूहळू फिरायची. तिच्यावरचं ऊन समोरच्या खोलगट आरशावर जायचं आणि तिथून गोळा होऊन बशीएवढ्या ठिपक्यावर पडायचं. त्या ठिपक्यात सार्जंट बसायचा. मध्ये एक पोलादी झडप. ती दोन सेकंद उघडली की बास.

मॅसॅच्युसेट्ससारख्या ढगाळ मुलखात उन्हावर चालणारं यंत्र बांधायची कल्पना कुणाची, हे सरकारनं शेवटपर्यंत गुप्त ठेवलं.

माझी नेमणूक कापड-साहाय्यक म्हणून झाली होती. निम्मा वेळ मी तुकडे कापायचो, धुवायचो, वाळवायचो. उरलेला निम्मा वेळ काळी काच डोळ्याला लावून गच्चीवर उताणा पडायचो आणि ढग आला की "ढग" असं ओरडायचो. मग खाली हायरम झडप बंद ठेवायचा. हायरम कटर साठीचा होता, मिशांखालून बोलायचा आणि आरसे तोच फिरवायचा.

"फर्न, वर काय दिसतंय?"

"एक छोटा ढग आहे, हायरम. येईलसं वाटत नाही."

"तुझ्यासारखाच आहे म्हणजे."

माझं खरं नाव फर्नां बेल्रोज. आम्ही लोवेलच्या गिरण्यांमध्ये क्वेबेकहून आलेली माणसं. पण प्रयोगशाळेत एवढं नाव उच्चारायला कुणाला सवड नव्हती.

ज्या कापडाची ही गोष्ट आहे ते ब्रँडव्होल्डबाईंचं. डॉक्टर इंगा ब्रँडव्होल्ड मिनेसोटाच्या. पन्नाशीच्या, उंच, आणि इतक्या हळू बोलणाऱ्या की त्यांच्याशी बोलताना आपण ओरडतोय असं वाटायचं. सुती कापडाला पाजायचं एक औषध त्यांनी सहा वर्षं खपून तयार केलं होतं. औषध प्यायलेलं कापड झोतात काळं पडायचं, धुरकटायचं, पण पेटायचं नाही. सार्जंट लालसर होऊन सुटायचा. असली औषधं आधीही पुष्कळ झाली होती, पण ती पहिल्या पाच धुण्यांत गटारात जायची. बाईंचं औषध पंधरा धुण्यांनंतरही टिकतं असा त्यांचा दावा होता, आणि नोव्हेंबरातल्या दुसऱ्या शुक्रवारी वॉशिंग्टनची समिती तो दावा तपासायला येणार होती. टिकलं तर पुढे कारखाना. नाही टिकलं तर बाईंची खोली बुटांच्या तळव्यांवर संशोधन करणाऱ्या माणसाला मिळणार होती. तो आठवड्यातून एकदा येऊन खिडक्यांची मापं घेऊन जायचा.

म्हणजे सगळं पंधरा धुण्यांवर अडलं होतं, आणि धुणं माझ्याकडे होतं.

तळघरातल्या धुलाईयंत्रात तोलून पावडर घालायची, पाणी ठरलेल्या तापमानाचं, दर धुण्याला घड्याळ लावायचं. पंधरा वेळा. दोन दिवस तर जातातच. त्या यंत्राकडे माझ्याशिवाय कुणी फिरकत नसे, म्हणून ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी मी त्यात माझे बोलिंगचे, म्हणजे जड चेंडू घरंगळवून खुंट्या पाडायच्या खेळाचे, बूट धुतले. शनिवारी आमच्या सेंट जोसेफ मंडळाचा सामना होता आणि बुटांना वास येत होता. तिसऱ्या मिनिटाला यंत्रानं माझा एक बूट गिळला, पट्टा तुटला आणि खोलीभर जळक्या रबराचा वास सुटला. पहिला वास त्यापुढे बरा होता.

दुरुस्तीसाठी एक अर्ज भरावा लागतो. त्यात सातवा रकाना असा होता: 'बिघाड झाला तेव्हा यंत्रात काय होतं?'

मी तो रकाना दोनदा वाचला आणि अर्ज घडी करून खिशात घातला.

रविवारी बाईंच्या कापडाचे बारा तुकडे घेऊन मी लोवेलला ॲल्बिना मावशीकडे गेलो. आई गेल्यावर मावशीनंच मला वाढवलं. तीस वर्षं ती गिरणीत मागावर होती. गिरणी बंद पडल्यापासून आमच्या कॅथलिक देवळातल्या वेदीवरची कापडं धुण्याचं काम तिच्याकडे होतं, आणि अख्ख्या परगण्यात तसं पांढरं कापड दुसऱ्या कुठल्या वेदीवर नव्हतं. हे मला मावशीकडूनच कळलं होतं.

"पंधरा वेळा?" मावशी म्हणाली. "मी एकदा धुतलं की त्यात धुण्यासारखं काही उरत नाही रे."

"सरकारचा नियम आहे, मावशी."

"सरकारला घाण कसली एवढी?"

"पंधरा वेळा धू, एवढंच. पुढच्या रविवारी नेतो."

यापलीकडे मी काही बोललो नाही. सांगायची होती ती एकच गोष्ट, आणि ती मला सुचली नाही. सुचली नाही हे एक वेळ माफ होईल. पुढच्या रविवारचं माफ होणार नाही.

पुढच्या रविवारी मावशीनं बारा तुकडे माझ्यापुढे ठेवले. ठेवले म्हणजे उभे केले. तुकडे उभे राहत होते. मावशीनं दर धुण्याला खळ घातली होती, पंधराच्या पंधरा वेळा, आणि वर इस्त्री. एक तुकडा मी टेबलावर टेकवला तर टकटक वाजला.

"सरकारनं बघावं जरा," मावशी म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. तिनं सोबत डुकराच्या मांसाचा पाय, म्हणजे खिमा भरून भाजलेली आमच्याकडची जाड पोळी, बांधून दिला, आणि मी तिला थँक्यू म्हटलं.

खळ म्हणजे पीठ. पीठ जळतं. हे कळायला डॉक्टरेट लागत नाही, माझ्यासारख्या कापड-साहाय्यकालाही ते माहीत होतं. सोमवारी सकाळी लवकर येऊन मी तुकडे थंड पाण्यात बुडवले, पिळले, वाळवले आणि मग टेबलाच्या कडेवर एकेक घासून मऊ केले, वरून खालून, अर्धा तास. हातांना ते मऊ लागले. वर गच्चीतून बघितलं तर आकाश निळंभोर, आणि पुढचा आठवडा ढगाळ असल्याचं रेडिओ सांगत होता. मी नोंदवही उघडली आणि लिहिलं: 'धुणी पंधरा. प्रयोगशाळेचं यंत्र.' खाली सही.

नोंदवहीचा एक नियम आधीच सांगून ठेवतो. तिच्यात खोडरबर चालत नाही, पान फाडणं चालत नाही. चुकलं तर चुकलेल्या शब्दांवर एकच रेघ ओढायची, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी बरोबर लिहून तारीख-सही करायची. हायरमच्या पानांवर इतक्या रेघा असत की ती वही आहे की जाळी, असा प्रश्न पडावा.

त्या दिवशी न धुतलेले तुकडे आधी झाले. झडप उघडली, मिटली. काळा डाग, धूर, सार्जंट लालसर. बाईंनी मान हलवली. त्यांच्या दृष्टीनं हा जल्लोष होता.

मग माझे तुकडे. झडप उघडली आणि पहिला तुकडा भडकन पेटला. पिवळी, हातभर ज्योत. दुसरा पेटला. तिसरा तर झडप अर्धी उघडली तेवढ्यात. हायरमनं वाळूची बादली जवळ ओढली.

"सार्जंट गेला," हायरम शेवटी म्हणाला. "बारा वेळा. एवढं मरण पुऱ्या युद्धात कुणाला आलं नसेल."

बाई जळलेल्या तुकड्यांकडे बघत होत्या. मग माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता विचारणार. माझं तोंड उघडलंसुद्धा होतं.

"फर्न," त्या म्हणाल्या, "पंधरा धुणी एकट्यानं केलीस. कंटाळवाणं काम आहे. तू आहेस म्हणून निदान धुण्याबद्दल तरी मला शंका नाही."

मी तोंड मिटलं.

पुढचा आठवडा ढग होते. गच्चीवर पडून 'ढग' असं ओरडायचीही गरज नव्हती, इतके. बाई रोज मला मदतीला बोलवायच्या. त्यांना स्वतःची चूक सापडत नव्हती आणि ती सापडेपर्यंत त्या थांबणार नव्हत्या. मंगळवारी त्यांनी औषधातल्या क्षारांना दोष दिला. बुधवारी भट्टीच्या तापमानाला. गुरुवारी त्यांनी एक सुंदर सिद्धान्त मांडला, चार पानांचा, आकृत्यांसह, की बाराव्या धुण्याच्या आसपास औषधाची साखळी तुटते. मी पेन्सिलींना टोक काढून देत होतो. जे घडलंच नव्हतं त्याचं इतकं पटणारं कारण मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. शुक्रवारी त्यांनी समितीला पत्र लिहायला घेतलं, की मी माझा दावा मागे घेते. 'सहा वर्षं' हे शब्द नीट आले आहेत का, असं त्यांनी मला विचारलं. बुटांच्या तळव्यांवाला त्याच दिवशी पडद्यांचा रंग बघून गेला.

"तुला बरं नाही का रे?" हायरमनं जेवताना विचारलं. "तीन दिवस झाले, माझी टिंगल करत नाहीस."

"पोट बिघडलंय."

"काय खाल्लंस?"

"पाय. मावशीचा."

"मावशीला सांगितलंस का, पाय खाल्ल्याचं?" हायरम म्हणाला, आणि कधी नव्हे तो स्वतःच्या विनोदावर हसला. मला हसू आलं नाही, यावरून माझी अवस्था समजावी.

शनिवारी दुपारी मी लोवेलला देवळात पापाची कबुली द्यायला गेलो. जाळीपलीकडे फादर देरोझिए होते.

"वहीत खोटं लिहिलं, फादर."

"कसल्या वहीत?"

"सरकारी आहे. गुप्त आहे. सांगायची परवानगी नाही."

"देवाकडे परवाना आहे," फादर म्हणाले. "बोल."

मी बोललो. बूट, पट्टा, सातवा रकाना, मावशी, खळ, बारा ज्योती.

"ॲल्बिनाची खळ," ते म्हणाले. "आपल्या वेदीवर असते तीच?"

"तीच, फादर."

"आणि ते कापड भडकन पेटलं."

"हातभर ज्योत."

"वेदीवर मेणबत्त्या असतात, फर्नां."

जाळीपलीकडे फादरांची खुर्ची करकरली.

"मी मेणबत्त्या जरा लांब सरकवतो," फादर शेवटी म्हणाले. "तू सोमवारी जाऊन त्या बाईंना सांग. दहा वेळा प्रार्थना वगैरे नंतर बघू."

सोमवारी मी गेलो. बाई ते पत्र टंकलेखनाला देण्याच्या तयारीत होत्या. मी दारातच उभा राहून म्हणालो, "माझ्या मावशीनं खळ घातली."

एवढे सात दिवस काय बोलायचं ते घोकत होतो, आणि तोंडातून पहिला शब्द आला तो मावशीचा.

बाईंनी पत्र खाली ठेवलं. सगळं ऐकून घेतलं. मध्ये फक्त एकदा विचारलं, "कुठला बूट?" मी सांगितलं, डावा. तो अजून यंत्रात आहे.

"तुझ्या मावशीला तू खळ घालू नको म्हणाला होतास?"

"नाही."

"तुकडे कडक आहेत हे तुला दिसलं होतं?"

"हो. मी ते घासून मऊ केले."

"मग खळ तुझी आहे," बाई म्हणाल्या. नेहमीच्याच आवाजात. मला वाटलं होतं त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर मला बसून तरी घेता आलं असतं. त्यांनी कोट चढवला, तराजू, तापमापक आणि नव्या कापडाचे बारा तुकडे पिशवीत भरले. "चल. समितीला चार दिवस आहेत. मावशी कुठे राहतात?"

मावशीच्या स्वयंपाकघरात मी सगळं परत एकदा सांगितलं, या वेळी मावशीला. ती ऐकताना एप्रनला हात पुसत राहिली, कोरडे होते तरी.

"म्हणजे माझ्यामुळे सार्जंट जळाला."

"सार्जंट ठोकळा आहे गं, मावशी. वडीएवढा. त्याला काही होत नाही."

"ठोकळा कुणासाठी ठेवलाय?"

"खऱ्या सार्जंटसाठी."

"मग तेच झालं ना," मावशी म्हणाली, आणि खळीचा डबा उचलून तिनं कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर, तोंड भिंतीकडे करून ठेवला. आपल्या हातचं काम कुणाला तरी नको झालं, हे तिला तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकावं लागत होतं, आणि तेही माझ्यामुळे. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर ढग होते.

तीन दिवस बाई रोज सकाळी तिथे यायच्या. मावशी धुवायची, बाई पावडर तोलायच्या, पाण्यात तापमापक धरायच्या. मी पाणी भरायचो. दोघी माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. आपसात मात्र खूप बोलायच्या, डाग कसा काढायचा यावर. बाईंनी सहा वर्षांत एवढी वाक्यं प्रयोगशाळेत उच्चारली नव्हती. पंधराव्या धुण्यानंतर मावशीचा हात आपोआप वरच्या फळीकडे गेला. तिनं तो दुसऱ्या हातानं धरून खाली आणला.

"असं नागडं कापड घराबाहेर कधी दिलं नाही हो मी," ती बाईंना म्हणाली.

गुरुवारी अकराच्या सुमाराला ढग फाटले. मी गच्चीवर होतो. "ऊन," असं ओरडलो. हा शब्द आजवर ओरडलो नव्हतो. हायरमनं खालून विचारलं, "काय म्हणालास?"

बारा तुकडे. बारा काळे डाग. धूर. एकही ज्योत नाही. सार्जंट बाराच्या बारा वेळा लालसर होऊन सुटला. बाईंनी मान हलवली, आणि नंतर आणखी एकदा हलवली.

शुक्रवारी समिती आली. वॉशिंग्टनचे दोघं चष्मेवाले आणि गणवेशातला एक मेजर, नाव विन्स्लो. मी मागच्या बाकावर सार्जंटला मांडीवर घेऊन बसलो होतो, कुणी मागितला तर दाखवायला. बाईंनी आधीच्या आठवड्यातल्या सोमवारचे आणि कालच्या गुरुवारचे आकडे मांडले. लपवलं काही नाही. पहिली तुकडी पेटली, दुसरी पेटली नाही. पहिलीच्या धुण्यात प्रयोगशाळेकडून चूक झाली, एवढंच म्हणाल्या.

"कसली चूक?" मेजरनं विचारलं.

बाई थांबल्या. त्या आधी मेजरकडे बघत होत्या, मग त्याच्या पायांकडे बघायला लागल्या. का, ते मला तेव्हा कळलं नाही. मला एवढंच दिसलं की बाई माझं नाव घेत नाहीयेत, माझ्यासाठी अडल्या आहेत. मी उभा राहिलो. सार्जंट मांडीवरून खाली पडला आणि बाकांखालून घसरत गेला.

"चूक माझी," मी म्हणालो. "कापडाला खळ घातली गेली होती. मला माहीत होतं. मी वहीत खोटं लिहिलं. बाईंच्या औषधाची काही चूक नाही. साध्या धुण्यात ते टिकतं."

बोलून झाल्यावर मला फार बरं वाटलं. साधारण तीन सेकंद.

"खळ," मेजर म्हणाला. त्यानं स्वतःच्या पायांकडे बघितलं. त्याच्या विजारीची घडी पत्र्यासारखी होती. त्यानं गुडघा जरा वाकवला, आणि शांत खोलीत ती विजार वाजली. टक.

"आमच्या छावणीत खळ घातल्याशिवाय तपासणीला उभं करत नाहीत," मेजर म्हणाला. "एकाही शिपायाला."

दोन्ही चष्मेवाल्यांनी लिहून घेतलं. हायरमनं मिशांवरून हात फिरवला. अणुबॉम्बची धग सोसायला सैन्यानं सहा वर्षं कापडाला औषध पाजलं होतं, आणि दर आठवड्याला तेच सैन्य त्याच्यावर पीठ चोळत होतं, हे त्या खोलीत कुणालाच आजवर सुचलं नव्हतं.

निर्णय तासाभरात लागला. मंजुरी नाही. खळीसकट पंधरा धुण्यांत टिकेल असं औषध आणा, दीड वर्ष देतो. खोली बाईंकडेच राहिली. बुटांच्या तळव्यांवाला मोजपट्टी गुंडाळून गेला.

सगळे गेल्यावर मी बाकांखालून सार्जंट शोधून काढला. बाई खिडकीशी उभ्या होत्या.

"मी गप्प राहिलो असतो तर आज मंजुरी मिळाली असती," मी म्हणालो.

"मेजर दारातून आत आला तेव्हाच त्याच्या विजारीचा आवाज मी ऐकला," बाई म्हणाल्या. "तेव्हाच सगळं माझ्या लक्षात आलं. आणि मी आकडे वाचत राहिले. त्यानं विचारलं तेव्हासुद्धा मी 'पावडरीत चूक' असं काहीतरी म्हणणार होते. शब्द तोंडात होता."

मी सार्जंटवरची धूळ फुंकली.

"तू सात दिवस गप्प राहिलास, मी पाऊण तास," त्या म्हणाल्या. "पण माझा पगार जास्त आहे." त्यांनी नोंदवही माझ्यापुढे सरकवली आणि पान उघडून दिलं. "मावशींना विचार, खळ किती पाण्याला किती घालतात. सोमवारपासून तोलून लागेल. बसनं त्यांना इथे घेऊन ये. त्यांना नीट विचार हं. सांगू नकोस, विचार."

त्या गेल्या. मी पेन उघडलं. 'प्रयोगशाळेचं यंत्र' या शब्दांवर एकच रेघ ओढली. रेघ जरा जाड ओढावी असं फार वाटलं. पण नियम म्हणजे नियम, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी लिहिलं: 'माझी मावशी ॲल्बिना, लोवेल. दर धुण्याला खळ. तिला सांगितलं नव्हतं.' तारीख घातली, सही केली.

मग सार्जंट पुसून जागेवर ठेवला आणि दुरुस्तीचा अर्ज खिशातून काढला. सातव्या रकान्यात लिहिलं: बूट, डावा.